वाजवी संशय : देसाईगंज खटल्याच्या निकालाचे पुनर्वाचन

साहित्याच्या वर्गात न्यायालयाचे निकालपत्र कशासाठी वाचायचे, हा प्रश्न आम्हाला आमच्याच सहकाऱ्यांनी विचारला होता. समुद्रपूर परिसरात मराठी शिकवणारे आम्ही काही अध्यापक. निवेदक, दृष्टिकोण, संभाव्यता, मौन या संज्ञा वर्षानुवर्षे शिकवताना आम्हाला असे जाणवत गेले, की या संज्ञांची खरी कसोटी कादंबरीपेक्षा साक्षीपुराव्याच्या कागदांवर अधिक कठोरपणे लागते. कादंबरीतील निवेदकावर अविश्वास दाखवला तर फार तर एक टीकालेख तयार होतो. न्यायालयात तो दाखवला तर माणसांची आयुष्ये बदलतात. म्हणून आम्ही 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल वर्गात वाचायला घेतला. उमरेड-नागभीड-ब्रह्मपुरी मार्गाने गेले तर आमच्यापासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या देसाईगंज म्हणजे वडसा या गावातील ही घटना. आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी तिच्याविषयी काहीही ऐकलेले नव्हते.

वाचन संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पोलीस ठाण्यात रात्री साडेदहाला संमती कशी असेल?" त्यावर मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला : "पण मग संशय घ्यायचाच नाही का? उद्या कुणावरही आरोप झाला तर?" हे दोन्ही प्रश्न प्रामाणिक होते. गेल्या चाळीसहून अधिक वर्षांचा या विषयावरचा सार्वजनिक वाद या दोन प्रश्नांच्या दरम्यान घडला आहे, असे आमचे मत आहे. तो वाद येथे क्रमाने मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक खुलासा. ज्या मुलीच्या नावाने हे प्रकरण देशभर ओळखले जाते, तिचे नाव आम्ही या लेखात घेतलेले नाही. कारण पुढे येईलच.

१. घटना आणि तीन निकाल

२६ मार्च १९७२ ची रात्र. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. आईवडील नसलेली, भावासोबत राहून मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी. वैद्यकीय अंदाजानुसार तिचे वय चौदा ते सोळा. ज्या घरी ती कामाला जात होती, त्या घरच्या नात्यातील एका तरुणाशी तिचे सूत जुळले होते आणि दोघांनी लग्न करायचे ठरवले होते. बहिणीला पळवून नेल्याची तक्रार भावाने ठाण्यात दिली आणि रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणण्यात आले. जबाब झाले, तोवर साडेदहा वाजले. जबाब घेणारा अंमलदार निघून गेला. उरलेल्या दोन पोलिसांपैकी एका शिपायाने मुलीला थांबायला सांगितले आणि इतरांना बाहेर जाण्यास फर्मावले. बाहेर थांबलेल्यांना दिसले, की ठाण्यातील दिवे गेले आहेत आणि दार आतून बंद आहे. त्यांनी हाका मारल्या. बाहेर आलेल्या हेडकॉन्स्टेबलने सांगितले, की मुलगी केव्हाच गेली. थोड्या वेळाने ती आतूनच बाहेर आली आणि आपल्यावर शिपायाने बलात्कार केल्याचे तिने तेथल्या तेथे सांगितले.

ठाण्याभोवती जमाव जमला आणि ठाणे पेटवून देण्याची भाषा सुरू झाली. त्यानंतर तिची फिर्याद लिहून घेतली गेली. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. जमावाकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

तिची वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता, म्हणजे सुमारे वीस तासांनी. अंगावर जखमा आढळल्या नाहीत. नमुन्यांच्या काचपट्ट्यांवर वीर्य आढळले नाही; तिच्या कपड्यांवर आणि शिपायाच्या पायजम्यावर मात्र ते आढळले. योनिपटलावरील खुणा जुन्या असल्याची नोंद झाली आणि आज ज्या तपासणीला 'टू-फिंगर टेस्ट' म्हणतात, तिचा निष्कर्ष अहवालात लिहिला गेला.

या एकाच पुराव्यावर तीन न्यायालयांनी तीन वाचने केली. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडले. शरीरसंबंध घडला असावा, पण शरीरसंबंध आणि बलात्कार यांत फार मोठे अंतर आहे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. मुलगी खोटे बोलणारी आहे आणि तिला शरीरसंबंधांची सवय आहे, हे त्या निष्कर्षामागचे आधार होते. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला. शिपायाला बलात्काराबद्दल पाच वर्षे आणि हेडकॉन्स्टेबलला विनयभंगाबद्दल एक वर्ष सक्तमजुरी ठोठावली. भीतीपोटी किंवा धाकापोटी असहायपणे शरीर स्वाधीन करणे म्हणजे इच्छा नव्हे, असे उच्च न्यायालयाने म्हटले. दोन्ही पोलीस तिला सर्वस्वी अनोळखी होते. तेव्हा पुढाकार तिचा असणे संभवत नाही, हा त्यांचा तर्क. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांनाही सोडले. न्यायमूर्ती जसवंतसिंग, कैलासम आणि कोशल यांचे ते पीठ होते, निकालपत्र न्या. कोशल यांनी लिहिले.

२. संशयाची बांधणी

सर्वोच्च न्यायालयाचा तर्क थोडा थांबून पाहू. मुलीने विरोध केल्याचे सांगितले, अंगावर खुणा नाहीत, म्हणून विरोधाची हकिकत खोटी, विरोध नव्हता, म्हणून संबंध शांतपणे झाला, म्हणून संमती. शिवाय शिपायाने हात धरला तेव्हा सोबतची माणसे जवळ असूनही तिने त्यांना साद घातली नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मधील तेव्हाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार मृत्यूची किंवा दुखापतीची भीती घालून मिळवलेली संमती ग्राह्य नव्हती. परंतु तशी भीती घातल्याचे सरकारी पक्षाने सिद्ध केलेले नाही, असे न्यायालयाने ठरवले.

या तर्काची बाजूही न्याय्यपणे मांडली पाहिजे. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असते आणि आरोपीने आपले निर्दोषत्व सिद्ध करावयाचे नसते, ही फौजदारी न्यायाची पायाभूत धारणा आहे. हेडकॉन्स्टेबलच्या बाबतीत तर मुलीची फिर्याद आणि न्यायालयातील साक्ष यांत खरोखर फरक होता. जी कृत्ये फिर्यादीत तिने शिपायाच्या नावे सांगितली होती, ती साक्षीत हेडकॉन्स्टेबलच्या नावे आली. अशा विसंगतीतून निर्माण होणारा संशय आम्ही तरी अवाजवी म्हणणार नाही.

अडचण दुसरीकडे आहे. 'वाजवी' हे विशेषण संशयाला लागते, तेव्हा ते पुराव्यातून आपोआप निघत नाही. वाचणाऱ्याच्या मनात 'असे घडणे स्वाभाविक' आणि 'असे घडणे अस्वाभाविक' याविषयीच्या ज्या कल्पना असतात, त्यांतून ते निघते. साहित्यात आपण ज्याला संभाव्यता म्हणतो, तीच ही गोष्ट. जखम नाही म्हणजे विरोध नाही, हे विधान पुरावा नव्हे. ते मानवी वर्तनाविषयीचे एक गृहीतक आहे. भीतीने माणूस थिजतो, हेही तितकेच संभाव्य वर्तन आहे. अंधार, बंद दार, बाहेर घालवलेली माणसे, तिच्याविषयीच नुकतीच नोंदवली गेलेली तक्रार, वर्दी, आणि बाहेर येताक्षणी तिने केलेले कथन : हे सारे निकालपत्रात आहे, पण निष्कर्षाच्या साखळीत त्याला जागा मिळालेली नाही.

येथे मराठीच्या विद्यार्थ्याला विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. ते नाटक साठच्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे देसाईगंजच्या घटनेपूर्वी काही वर्षे, रंगभूमीवर आले. अभिरूप खटल्यात आरोपी कोण, हे हळूहळू बदलत जाते आणि स्त्रीचे खासगी आयुष्य हाच पुरावा होऊन बसतो. प्रेक्षकाला ते नाट्यकल्पना म्हणून धक्कादायक वाटले. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १५५ मध्ये मात्र ती कल्पना शतकभर कायदा म्हणून नांदत होती : बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री 'सर्वसाधारणतः अनैतिक चारित्र्याची' असल्याचे दाखवून तिच्या विश्वासार्हतेवर आघात करण्याची मुभा त्यात होती. ती तरतूद वगळली गेली ती २००२ च्या अखेरीस.

३. चार अध्यापकांचे पत्र

निकालानंतर वर्षभर फारसे काही घडले नाही. १६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेअध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. वसुधा धागमवार या गीता साने यांच्या कन्या. विदर्भातून पुढे आलेल्या आणि तीसच्या दशकातच स्त्रीच्या देहावरील व मनावरील स्वामित्वाचा प्रश्न कादंबरीतून विचारणाऱ्या लेखिकेची मुलगी कायद्याच्या भाषेत त्याच प्रश्नाकडे येते, हा योगायोग साहित्याच्या इतिहासानेही नोंदवावा असा आहे.

त्या पत्राविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो, की त्याने 'संशयाचा फायदा' या तत्त्वावरच हल्ला केला. पत्र वाचले तर असे दिसत नाही. पत्राचा मुख्य आक्षेप वाचनपद्धतीवर आहे. प्रत्येक संमतीत स्वाधीन होणे अंतर्भूत असते, पण प्रत्येक स्वाधीन होण्यात संमती नसते. हातात असलेला पुरावा फार तर पहिली गोष्ट दाखवतो, दुसरी नाही, असे त्यांचे म्हणणे. मुलीचे वय, गरिबी, कायद्याचे अज्ञान आणि पोलीस ठाण्याविषयी गरिबांच्या मनात वसणारी दहशत यांचा निकालपत्रात विचारच नाही. तिला रात्री ठाण्यात थांबवून घेण्याविषयी निषेधाचा शब्दही नाही, हे त्यांनी दाखवले. न्यायमूर्तींनी गरिबाच्या वेषात, ओळख लपवून, एखाद्या खेड्यातील ठाण्यात जाऊन पाहावे, अशी सूचनाही त्यांनी केली. सूचनेतील उपरोध बाजूला ठेवला तरी तिचा तार्किक अर्थ गंभीर आहे : ज्या जागेचा अनुभव नाही, तेथे काय स्वाभाविक आणि काय अस्वाभाविक, हे ठरवणार कसे?

पत्राने निकाल बदलला नाही. पण १९८० च्या प्रारंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्च १९८० ला अनेक शहरांत मोर्चे निघाले, आणि नागपुरात सीमा साखरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न लोकांसमोर नेला. विधी आयोगाचा ८४ वा अहवाल त्याच वर्षी आला.

४. भार कोणावर?

यानंतरचा वाद अधिक सूक्ष्म आहे आणि तो फारसा शिकवला जात नाही. पुराव्याची जबाबदारी आरोपीवर टाकावी काय? एका बाजूचे म्हणणे असे, की बंद दाराआड घडलेल्या गोष्टीत 'संमती नव्हती' हे नकारात्मक विधान स्त्रीने सिद्ध करावे, ही अपेक्षाच अशक्य आहे. दुसऱ्या बाजूचे, ज्यात नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारेही होते, म्हणणे असे, की जबाबदारी उलटवण्याचे शस्त्र एकदा राज्यसंस्थेच्या हाती दिले, की ते प्रथम दुबळ्यांवरच चालते.

१९८३ च्या फौजदारी कायदा दुरुस्तीने मधला मार्ग काढला. पुरावा अधिनियमात कलम ११४-अ आले. पोलीस, लोकसेवक, तुरुंग वा रुग्णालयाचे कर्मचारी यांनी आपल्या अधिकारकक्षेतील स्त्रीवर केलेला बलात्कार, तसेच सामूहिक बलात्कार आणि गर्भवतीवरील बलात्कार, अशा ठरावीक प्रकारांतच ते लागू झाले. शरीरसंबंध आधी सिद्ध व्हावा लागतो. स्त्रीने न्यायालयात संमती नव्हती असे सांगावे लागते. मगच न्यायालय संमती नव्हती असे गृहीत धरते, आणि आरोपी ते गृहीतक खोडून काढू शकतो. म्हणजे संशयाचे तत्त्व मोडले गेले नाही. सत्तेच्या एका विशिष्ट परिस्थितीत आरंभीचे गृहीतक तेवढे बदलले. आज हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये कलम १२० म्हणून आहे.

त्याच १९८३ च्या दुरुस्तीने पीडितेची ओळख प्रसिद्ध करणे गुन्हा ठरवले. जिच्या खटल्यामुळे हे संरक्षण आले, तिचे नाव मात्र तोवर पाठ्यपुस्तके, घोषणा आणि शोधनिबंध यांत कायमचे छापले गेले होते. आम्ही ते नाव घेत नाही, ते या विसंगतीची आठवण राहावी म्हणून.

न्यायालयेही बदलली. नागपुरातच १९८१ मध्ये घडलेल्या, पोलीस अधिकाऱ्याविरुद्धच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने आरोपीला सोडले होते. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवून शिक्षा कायम केली आणि स्पष्ट केले, की पीडित स्त्री ही गुन्ह्यातील साथीदार नव्हे. जखमी साक्षीदाराच्या साक्षीला जे वजन मिळते ते तिच्या साक्षीला मिळाले पाहिजे. २०१३ च्या दुरुस्तीने तर शारीरिक प्रतिकाराचा अभाव म्हणजे संमती नव्हे, हे कायद्याच्या शब्दांतच लिहिले. देसाईगंजच्या निकालातील साखळीचा पहिला दुवा तेथे तुटला. दुसरा दुवा, म्हणजे 'सवय' ठरवणारी ती तपासणी, तोडण्यात आमच्या जिल्ह्याचा वाटा आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी त्या तपासणीच्या अशास्त्रीयतेवर अहवाल तयार केला आणि नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही तपासणी पीडितेच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली आणि २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तणुकीचा दोषी मानले जाईल असे बजावले.

५. उलट्या दिशेची चूक

इतिहास येथे संपला असता तर तो प्रगतीचा सरळ आलेख झाला असता. तसे नाही. १९८३ मध्येच, गुजरातमधील भरवाडा भोगीनभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीडितेच्या साक्षीवर विश्वास ठेवण्याची कारणे देताना असे म्हटले, की भारतीय समाजात अब्रूची भीती इतकी असते की स्त्री सहसा खोटा आरोप करणार नाही. निष्कर्ष स्त्रीच्या बाजूचा होता. आधार मात्र तोच जुना साचा. जी स्त्री अब्रूच्या या कल्पनेत बसत नाही, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही काय? देसाईगंजची मुलगी त्या साच्यात बसत नव्हती, म्हणूनच तर तिच्यावर अविश्वास दाखवला गेला. पुढे २००८ मध्ये राजू विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेच सावध केले, की पीडितेच्या साक्षीला महत्त्व दिलेच पाहिजे, पण ती प्रत्येक वेळी पूर्ण सत्यच असते असे धरून चालता येणार नाही. दोन्ही प्रकारच्या साच्यांतून बाहेर पडून, समोरच्या साक्षीचे समोरच्या परिस्थितीत वाचन करणे, हाच मार्ग उरतो आणि तो कष्टाचा आहे.

आता जमावाकडे येऊ. १९७२ मध्ये ठाण्याभोवती जमलेल्या माणसांमुळे एका आदिवासी मुलीची फिर्याद लिहिली गेली. जमाव तेथे कायद्याला कामाला लावत होता. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार संशयितांना पोलिसांनी ठार मारले, तेव्हा अनेकांनी फुले उधळली. विदर्भात वकिली केलेले निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने पोलिसांची हकिकत विश्वासार्ह नसल्याचा निष्कर्ष काढला. हैदराबादजवळच्या त्या घटनेनंतर दोनच महिन्यांत, ३ फेब्रुवारी २०२० रोजी, आमच्या शेजारच्या हिंगणघाटात एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आले. आठवड्याने ती गेली. तो लैंगिक अत्याचाराचा खटला नव्हता, तरी आमच्या भागातील प्रत्येक चहाच्या टपरीवर तेव्हा एकच मागणी होती, की कोर्ट-कचेरी नको. आम्हीही त्या दिवसांत शांत नव्हतो. ती आमच्याच पेशातली होती. न्यायालयाने साक्षीपुरावा घेतला आणि दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ रोजी, जन्मठेप सुनावली. ती दोन वर्षे वाया गेली असे आम्हाला वाटत नाही.

आणखी एक उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांना सर्वाधिक विचारात पाडते. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात, कस्तुरबा नगर वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या, अनेक स्त्रियांवरील अत्याचाराचे आरोप असलेल्या एका गुंडाला जमावाने ठार केले. त्याबद्दल वस्तीतील स्त्रियांवरही खटला चालला. २०१४ मध्ये पुराव्याअभावी त्या सुटल्या. ज्या तत्त्वाने देसाईगंजचे पोलीस सुटले, त्याच तत्त्वाने कस्तुरबा नगरच्या बायकाही सुटल्या. पहिल्या सुटकेवर संतापणाऱ्याने दुसऱ्या सुटकेवर निश्वास टाकताना क्षणभर थांबावे, एवढेच आम्ही वर्गात सुचवले.

६.

१९७३ मध्ये, म्हणजे देसाईगंजचा खटला सत्र न्यायालयात निकाली निघण्यापूर्वीच, महाराष्ट्रातील एका खून खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी बजावले होते, की संशयाच्या फायद्याची अतिरेकी भक्तीही न्यायावरचा लोकांचा विश्वास उडवते. त्याचा अर्थ संशय सोडून द्या असा नव्हे. संशय घेणाऱ्याने स्वतःच्या संशयाचीही झडती घ्यावी, असा तो आहे. हा संशय पुराव्यातील फटीतून आला, की माझ्या मनातील चांगल्या-वाईट बाईच्या कल्पनेतून आला? पहिला असेल तर त्याचा फायदा आरोपीला मिळालाच पाहिजे, मग आरोपी कितीही अप्रिय असो. दुसरा असेल तर त्याला 'वाजवी' म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मागच्या बाकावरील विद्यार्थ्याला आम्ही हेच उत्तर दिले. त्याचे पूर्ण समाधान झाले असे म्हणवत नाही. पुढच्या तासाला तो निकालपत्राची प्रत घेऊन आला. वैद्यकीय तपासणीच्या परिच्छेदाखाली त्याने पेन्सिलीने रेघ ओढली होती आणि समासात लिहिले होते : वीस तास. आम्ही त्या दिवशी ठरलेला पाठ बाजूला ठेवला आणि तेथून पुन्हा वाचायला सुरुवात केली.